जाळीबाई आणि सर्किटराव

२ सप्टेंबर

ताईच्या खुर्चीने आज पुन्हा उचकी दिली, आणि या वेळी कॉफीचा अख्खा मग ध्वनिमुद्रणाच्या टेबलावर आडवा झाला.

ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची मोठी बहीण. आमच्याच इमारतीत तळमजल्यावर एकटी राहते. पुस्तकं वाचून त्यांचं ध्वनिमुद्रण करणं हा तिचा व्यवसाय. लहानपणच्या आजारापासून चाकांच्या खुर्चीवर आहे. ही नवी खुर्ची आमच्या कंपनीने बनवलेल्या मोटरवर चालते, आणि ती मोटर (हे लिहिताना माझी छाती अजून फुगते) मी आखलेली आहे. मोटर चाकाच्या पोटातच बसते, त्यामुळे खुर्ची अरुंद झाली. जुनी रुंद खुर्ची स्वयंपाकघराच्या दारातून जात नसे. गेल्या महिन्यापासून ताई स्वतःचा चहा स्वतः करते, आणि इतका भयंकर कडक करते की प्यायलेला माणूस दिवसभर उभाच राहील.

खुर्ची वेगात असली की लोण्यासारखी चालते. पण दाराशी, टेबलाशी, उंबरठ्याशी हळू जायला लागलं की आधी गुरगुरते आणि मग मध्येच एक धक्का देते.

"उचकी लागते तिला," ताई म्हणाली. "कुणीतरी आठवण काढत असणार."

"माझी काढत असतील," मी टेबल पुसत म्हटलं. "आमचे साहेब."

४ सप्टेंबर

साहेबांनी खरंच आठवण काढली. मला आणि सर्किटरावांना एकत्र बोलावलं.

सर्किटराव म्हणजे काचेच्या भिंतीपलीकडच्या विभागाचे प्रमुख. बॅटरी, स्विच, मोटरला करंट पुरवणारा ड्राइव्ह, हे सगळं त्यांचं. त्यांच्या विभागाचं नाव सर्किट आणि स्वभावही तसाच, त्यामुळे हे नाव पडायला कुणाला फार डोकं चालवावं लागलं नाही. ते माझ्या पाठीमागे मला जाळीबाई म्हणतात हे मला माहीत आहे. त्यात चूक काही नाही. मोटरचा आडवा छेद घ्यायचा, त्यावर चिमुकल्या त्रिकोणांची जाळी विणायची, आणि एकेका त्रिकोणात चुंबकाचं बळ किती आहे ते कॉम्प्युटरकडून काढून घ्यायचं, हेच माझं काम.

"मोटरमध्ये दोष आहे, मॅडम," ते म्हणाले.

"माझ्या आलेखात एक सुरकुती दाखवा. चहा पाजते."

"माझ्याही आलेखात नाही."

"छान," साहेब म्हणाले. "म्हणजे दोघांच्याही कागदावर खुर्ची उत्तम चालते. मग बसणाऱ्या बाईंनाच काढून टाकू या का?"

सर्किटरावांनी चष्मा वर केला. "मॅडम, तुम्ही हिशेबात करंट कसा धरता?"

"कसा म्हणजे? स्वच्छ, गुळगुळीत लाट."

"असा करंट मी जन्मात पाहिलेला नाही."

"आणि तुम्ही मोटर कशी धरता?"

"दोन-तीन आकडे. ते काही बदलत नाहीत."

दोन-तीन आकडे! वर्षभर मी जिच्या एकेका लोखंडी दाताशी झटले, ती यांच्या लेखी दोन-तीन आकडे! पण बोलता बोलता मी थांबले, आणि तेही थांबले. त्यांनी सोयीची मोटर धरली होती आणि मी सोयीचा करंट. त्यांच्या खऱ्या करंटने माझं खरं लोखंड कसं वागतं, हे दोघांपैकी कुणीच पाहिलं नव्हतं.

साहेबांचा निकाल असा: दोन्ही प्रोग्राम एकमेकांना जोडायचे. क्षणाक्षणाला त्यांच्या सर्किटने मला करंट द्यायचा, माझ्या जाळीने त्या करंटने मोटरच्या पोटात काय झालं ते मोजायचं आणि उत्तर परत सर्किटला द्यायचं. नोव्हेंबरच्या शेवटी खुर्ची बनवणाऱ्या कंपनीच्या चाचणीबाई येणार आहेत. उचकी राहिली तर ते जुन्या, रुंद मोटरकडे परत जाणार आणि नमुन्याच्या सगळ्या खुर्च्या गोळा करणार. ताईची खुर्ची नमुन्यापैकीच आहे.

हे ताईला सांगितलं नाही. उगाच धसका घेईल.

७ सप्टेंबर

आज रविवार. सर्किटराव खऱ्या खुर्चीच्या करंटची नोंद घ्यायला ताईकडे आले. चुरगळलेला शर्ट, खिशात पेचकस. आल्या आल्या जमिनीवर मांडी घातली, चाकाला तारा लावल्या आणि मला विचारलं, "यांना उंबरठ्यावर धक्का जास्त बसतो का?"

ताईने चष्म्यावरून खाली पाहिलं. "मोजमाप चाकाचं घ्या. पण प्रश्न मला विचारा. मी इथेच बसलेली असते, बहुतेक वेळा."

बिचारे कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. मग माफी मागितली आणि तिलाच विचारायला लागले. धक्का कसा, कुठे, आवाज आधी की हिसका आधी? ताईला एकदा विचारलं की ती थांबत नाही. मी वर जाऊन कपडे धुवून, वाळत घालून आले तरी दोघांचं चाललेलंच होतं.

त्यांनी चहासुद्धा प्यायला. ताईच्या हातचा. तोंड वाकडं न करता.

१२ सप्टेंबर

दोन्ही प्रोग्राम आज पहिल्यांदा जोडले. करंट क्षणभर नीट चालला आणि मग आलेखाची रेघ छताला भिडली. कॉम्प्युटरच्या मते आमची खुर्ची आता चंद्राच्या वाटेवर आहे.

ते म्हणतात माझी जाळी सैल आहे. मी म्हणते त्यांचे स्विच द्वाड आहेत. नाचता येईना अंगण वाकडं, अशी दोघांची गत. अंगण मात्र एकच.

१९ सप्टेंबर

आजही आलेख छताला.

२१ सप्टेंबर

सर्किटराव पुन्हा नोंद घ्यायला आले होते. मी म्हटलं, मागची नोंद आहे की. तर म्हणाले, मागच्या वेळी खोलीतली फरशी थंड होती, फरक पडू शकतो. असा काटेकोर माणूस मी पाहिला नाही. शर्टसुद्धा इस्त्रीचा होता. कामाच्या बाबतीत घरीदारी एकच शिस्त, हे मला आवडलं. आमच्या विभागातल्या पोरांना सांगायला हवं.

वर येऊन हे नवऱ्याला सांगितलं तर तो गालातल्या गालात हसला. नवरा दातांचा डॉक्टर आहे. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडून बसलेल्या माणसाला कशाचं हसू येईल, सांगता येत नाही.

२६ सप्टेंबर

सापडलं! आणि सापडलं ते असं, की लिहायलाही लाज वाटते.

जेवणाच्या सुट्टीत सर्किटरावांनी चमचा हातात धरून मला दाखवलं की रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा गाभा, असा फिरतो. मी माझा काटा धरून म्हटलं, बरोबर, असा. चमचा घड्याळाच्या दिशेने फिरत होता, काटा उलट्या. आम्ही दोघे एकमेकांच्या हाताकडे बघत राहिलो.

दोन आठवडे त्यांची मोटर उजवीकडे फिरत होती आणि माझी डावीकडे. ते ढकलायचे पुढे, मी ओढायची मागे, आणि शिवाय प्रत्येकाचं उत्तर दुसऱ्यापर्यंत एक पाऊल उशिरा पोचायचं. संसार मोडायला याहून जास्त काय लागतं?

सर्किटराव इतके हसले की ठसका लागला. त्यांना हसता येतं हे कार्यालयात कुणालाच माहीत नव्हतं. साहेबसुद्धा केबिनमधून डोकावून गेले.

दिशा एक केली. उशिराचा घोटाळाही मिटवला: आता दोघांचं उत्तर जुळेपर्यंत दोन्ही प्रोग्राम त्याच पावलावर थांबतात, मगच पुढे जातात. संध्याकाळी रेघ पहिल्यांदा आलेखाच्या चौकटीत राहिली.

३ ऑक्टोबर

चालतंय, पण गोगलगाईच्या चालीने. खरी मोटर डोळ्याचं पातं लवायच्या आत जेवढी फिरते, तेवढं काढायला आमच्या कॉम्प्युटरला अख्खा दिवस लागतो. आम्ही पडद्यासमोर बसून राहतो, दूध उतू जायची वाट बघितल्यासारखे.

सर्किटराव या वेळात कानाला हेडफोन लावून काहीतरी ऐकत असतात. अधूनमधून स्वतःशीच हसतात. आज विचारलं, काय ऐकता?

"आवाजाचा अभ्यास," ते म्हणाले आणि लाल झाले.

मला वाटलं मोटरच्या गुरगुरीची नोंद असेल. पण कानावरून जरा सरकलेल्या हेडफोनमधून बाईचा आवाज ऐकू आला. ताईने वाचलेलं कुठलंसं पुस्तक होतं. म्हणजे पहा, पार्श्वभूमीला खुर्चीचा आवाज मुद्रणात किती येतो, हेसुद्धा हा माणूस तपासतोय! मला हे सुचलं नसतं. मी मनातल्या मनात त्यांना दिलेली सगळी नावं परत घेतली. सर्किटराव सोडून.

९ ऑक्टोबर

आज उचकी दिसली.

दुपारी आलेखाची रेघ हळूहळू पुढे सरकत होती, आणि एका जागी तिने अंग चोरलं आणि टुणकन उडी मारली. मग पुन्हा सपाट. मग पुन्हा तीच उडी. सर्किटरावांनी ताईच्या खुर्चीवरून घेतलेली नोंद शेजारी लावली. उडी त्याच जागी, तशीच, तेवढीच. जणू एकाच आईची दोन लेकरं.

स्वतःच्या मोटरमधला दोष पाहून माणूस टाळ्या वाजवतो, असं दृश्य जगात फार ठिकाणी दिसत नसेल. मी तर खुर्चीवरून उठून नाचायच्याच बेतात होते.

लगेच ताईला फोन केला. तिला आधीच कळलं होतं! मी पाणी प्यायला गेले तेवढ्यात सर्किटरावांनी कळवलं म्हणे. वापरणाऱ्याला सगळ्यात आधी सांगायचं, हे त्यांचं तत्त्व चांगलंच आहे. तरी पण सांगायची मजा गेली याचं थोडं वाईट वाटलं, हे इथे लिहून ठेवते.

१४ ऑक्टोबर

कारण आता स्वच्छ दिसतंय. उंबरठ्यावर चढताना मोटरला जोर लागतो, करंट वाढतो. लोखंडाच्या दातांमध्ये चुंबकाचं बळ भरत जातं, आणि पोट भरलेल्या माणसाने पुढची पोळी नको म्हणावी तसे ते दात आणखी घेईनासे होतात. पण सगळे दात एकाच वेळी भरत नाहीत. रोटर जिथे असेल तिथले आधी भरतात. त्या जागी करंट उसळतो, ड्राइव्ह घाबरून तो खाली दाबतो, आणि चाक हिसका देतं. माझ्या एकटीच्या जाळीत करंट उसळतच नव्हता. त्यांच्या एकट्याच्या सर्किटात लोखंडाचं पोट कधी भरतच नव्हतं.

दोष कुणाचा, हा प्रश्न दोघांनीही काढला नाही. हे बरं झालं.

पण कारण कळलं म्हणजे औषध मिळालं असं नाही. एकेका उपायाला एकेक दिवस लागला तर नोव्हेंबर कधी येईल आणि कधी जाईल. मला आज पहिल्यांदा वाटलं, जमणार नाही.

२० ऑक्टोबर

वाईट दिवस.

ताई स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणाहून परत येताना इमारतीच्या उतारावर खुर्चीने हिसका दिला आणि मागे घसरली. ताईने कठडा धरला म्हणून पडली नाही, पण मनगट मुरगळलं. हाड ठीक आहे. मला कार्यालयात फोन आला तेव्हा आलेख तसाच उघडा टाकून निघाले. माझी मोटर. माझ्या माणसाला.

घरी पोचले तर सर्किटराव आधीच तिथे होते, ड्राइव्ह उघडून बसलेले. हात ठीक होईपर्यंत उतारावर जोर बेताचा लागावा, अशी तजवीज करत होते. ताईच्या हाताला पट्टी, म्हणून चहा त्यांनी केला होता. साखरेचा डबा वरच्या फळीवर मागे असतो. तो यांना कसा सापडला, हे विचारायचं राहूनच गेलं.

मी ताईला म्हटलं, जुनी खुर्ची वापर. पुरे झाले प्रयोग. वर आमच्याकडे येऊन राहा, मी आहे ना.

ताईने मला कधी नव्हे ते दरडावलं. "तू आहेसच गं. पण मला सांभाळायला मोटर नकोय आणि माणूसही नकोय. मला दारातून आत जायचंय. ही खुर्ची परत जाणार आहे ना, नोव्हेंबरनंतर, जमलं नाही तर?"

मी थक्क. "तुला कुणी सांगितलं?"

"ज्यांना वाटलं की मला सांगायला हवं, त्यांनी."

सर्किटरावांनी ड्राइव्हमध्ये डोकं घातलं. मला राग आला, आणि त्या रागाला काही आधार नव्हता म्हणून आणखी आला. मी तिला धसका बसेल म्हणून लपवलं होतं. धसका मलाच बसला होता, तिला नाही. ती फक्त म्हणाली, "मग करा की. बसलात काय?"

२८ ऑक्टोबर

ताईच्या दटावणीचं फळ म्हणा, पण युक्ती निघाली. सर्किटरावांना सुचली.

"मॅडम, दर वेळी तुमची अख्खी जाळी कशाला सोडवायची? रोटर कुठे आणि करंट किती असला की तुमचं लोखंड कसं वागतं, त्याची एकदाच एक सारणी करून द्या. मी ती सर्किटमध्ये मोटरच्या जागी बसवतो."

म्हणजे दोन-तीन आकड्यांच्या जागी आता हजारो आकडे. माझ्या मोटरला अखेर मान मिळाला. सारणी भरायला कॉम्प्युटर आठवडाभर राबला, पण आता एकेक उपाय चहा निवायच्या आत तपासून होतो. पूर्ण जाळी जोडून खात्री फक्त शेवटी करायची.

आज दिवसभर आमचं भांडण झालं, पण उलटं. मी म्हणत होते, चुंबकाच्या कडा मी घासून घेते, तुम्ही ड्राइव्हला हात लावू नका. ते म्हणत होते, उसळी कुठे येणार ते आता आधीच माहीत आहे, मीच करंटला तिथे आवरतो, तुम्ही नवा रोटर कशाला करता? साहेब म्हणाले, "पहिले आप, पहिले आप करत बसलात तर गाडी सुटेल. दोन्ही करा."

दोन्ही केलं. कडा थोड्या, करंट थोडा. आलेखावरची उचकी मांजरीच्या जांभईएवढी उरली.

६ नोव्हेंबर

नवा रोटर आला. चाचणीच्या बाकावर लावला. गुळगुळीत! सगळे टाळ्या वाजवत असतानाच सर्किटराव म्हणाले, थांबा, आणि अर्धी रिकामी झालेली बॅटरी लावली. उचकी परत आली. लहान, पण आली.

"मी सगळीकडे बॅटरी भरलेली धरली होती," ते म्हणाले. "पण बाईंची खुर्ची संध्याकाळी घरी येते. उतारावर त्या संध्याकाळीच असतात."

बाई म्हणजे ताई. खुर्च्या अनेकांकडे जाणार आहेत, पण यांच्या डोळ्यांसमोर एकच वापरणारी दिसते. मी म्हटलं, सगळ्यांचाच विचार करायला हवा. ते म्हणाले, "हो हो, सगळ्यांचाच," आणि पुन्हा कामाला लागले.

१६ नोव्हेंबर

बॅटरी कितीही उतरलेली असो, आता हिसका नाही. सारणीवर नाही, पूर्ण जाळीवर नाही, बाकावर नाही. ताईच्या खुर्चीत नवी मोटर बसवली. बसवायला अर्थात सर्किटराव, रविवार असूनही. ताईच्या कानात नवे डूल होते. मी म्हटलं, कुठे बाहेर निघालीस का? ती म्हणाली, "नाही गं, घरीच." मी म्हटलं, घरच्या घरी इतके छान डूल कशाला वाया घालवतेस?

नवऱ्याला तेव्हाच खोकला आला. त्याला औषध घ्यायला सांगितलं आहे.

२४ नोव्हेंबर

झोप अनावर झालीय, तरी आजच लिहायचं.

चाचणीबाई सकाळी आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या, हसण्याची सवय नसलेल्या. कार्यशाळेत आम्ही अरुंद दार, उंबरठा आणि उतार बांधून ठेवले होते. त्यांनी स्वतःच्या पिशवीतून एक ट्रे आणि काचेचा पेला काढला. पेला काठोकाठ भरला, ट्रे ताईच्या मांडीवर ठेवला.

"जितकं हळू जाता येईल तितकं जा," त्या म्हणाल्या.

साहेबांनी डोळे मिटले. मी उघडे ठेवले, पण श्वास थांबवला. सर्किटराव खुर्चीकडे बघतच नव्हते, ताईच्या चेहऱ्याकडे बघत होते. हिसका आला तर सगळ्यात आधी तिथे दिसेल, हे मला तेव्हा कळलं नाही, आता कळतंय.

ताई निघाली. दार. उंबरठा, पुढचं चाक, मागचं चाक. मग उतार. उताराच्या मध्यावर चाचणीबाईंनी हात वर केला. "थांबा." ताई थांबली. "आता पुन्हा निघा."

हीच ती जागा. जोर सगळ्यात जास्त, वेग सगळ्यात कमी. पेल्यातलं पाणी काठावर फुगून राहिलं होतं. खुर्ची निघाली. एवढी शांत, की चाचणीबाई वाकल्या आणि चाकाजवळ कान नेला.

"मोटर चालू आहे ना?"

"नसती तर मी वर कशी आले असते?" ताई वरून म्हणाली आणि तो पेला उचलून पिऊन टाकला.

चाचणीबाई हसल्या. मोटर मंजूर. नमुन्याच्या खुर्च्या ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याकडेच राहणार.

संध्याकाळी सगळे ताईकडे जमलो. मी, नवरा, सर्किटराव. आनंदाच्या भरात मी पेला उंचावून म्हटलं, "सर्किटराव, तुमची सुटका झाली! आता दर रविवारी नोंदी घ्यायला यायला नको."

नवऱ्याला पुन्हा खोकला. सर्किटराव लाल.

"अगं," ताई हळूच म्हणाली, "नोंदी कधीच्याच संपल्यात. आम्ही लग्न करतोय."

मी खाली बसले. खुर्ची होती म्हणून बरं.

"आणि तुला माहीत होतं?" मी नवऱ्याला विचारलं.

"इस्त्रीचा शर्ट घालून जमिनीवर बसून चाक मोजणाऱ्या माणसाबद्दल तू सांगितलंस, त्या दिवसापासून."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू इतकी छान कारणं शोधत होतीस. म्हटलं बघू तरी किती शोधतेस. काखेत कळसा नि गावाला वळसा!"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. मीच सगळ्यात जास्त हसले.

७ डिसेंबर

हसू ओसरल्यावर जे उरलं तेही लिहायला हवं. मला थोडं लागलं. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून ताई माझी. दुकानात, दवाखान्यात, रुसव्यात, गप्पांत. तिला माझी गरज आहे, असं मी धरून चालले होते, आणि ते मला फार आवडत होतं.

आज सकाळी खाली गेले आणि हे तिला सांगूनच टाकलं. तिने ऐकून घेतलं, मग खुर्ची वळवली, स्वयंपाकघरात गेली आणि दोन कप चहा घेऊन आली. एक थेंब सांडला नाही.

"तू मला उचलून न्यायचीस ना, स्वयंपाकघरात, जुनी खुर्ची दारात अडली की," ती म्हणाली. "तेव्हा मला तुझी गरज होती. आता ही खुर्ची आहे, तरी मी रोज संध्याकाळी दाराकडे बघते, तू आलीस का म्हणून. ही गरज नाही. ही हौस आहे. कुठलं जास्त चांगलं?"

मी चहा प्यायले. नेहमीसारखाच भयंकर. दुसरा कप मागून घेतला.

सर्किटराव इथेच, तळमजल्यावर राहायला येणार आहेत. पुस्तकांची खोकी आधीच आली आहेत. मला आता त्यांना भावोजी म्हणायचं आहे. कार्यालयात कसं जमणार देव जाणे.

१९ डिसेंबर

आज नोंदणी कार्यालयात लग्न झालं. दाराला मोठा उंबरठा होता. ताई मांजरीच्या पावलांनी तो ओलांडून आत गेली आणि वळून आम्हालाच म्हणाली, "या लवकर."

साहेब चक्क गळ्यात टाय बांधून आले होते. नवऱ्याने सगळ्यांना सांगून टाकलं की वराचे दात उत्तम आहेत, त्याने स्वतः तपासलेत. भावोजींनी सही करताना पेन उलटं धरलं. ताईने ते सरळ करून दिलं, आणि तिचा हात तिथेच राहिला.

मग साक्षीदार म्हणून माझी पाळी आली. कारकुनाने चष्म्यातून वर पाहिलं.

"तुम्ही कोणाकडच्या? मुलीकडच्या की मुलाकडच्या?"

मी ताईकडे पाहिलं, भावोजींकडे पाहिलं.

"दोन्हीकडची," मी म्हटलं.

"तसा रकाना नाही, बाई."

"मग आखा की," ताई म्हणाली.

कारकुनाने क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग मुकाट्याने पट्टी काढली आणि रेघ ओढली.